इनलाइनिंग व पाचारण-चळत

संगणकाच्या कार्यक्रमात एखाद्या उपकार्यक्रमाला, म्हणजेच फंक्शनाला, जेथे पाचारण केलेले असते तेथे पाचारणाचा आदेश न घालता त्या उपकार्यक्रमाचा मजकूरच कंपायलरने उतरवून ठेवणे, या क्रियेला इनलाइनिंग म्हणतात. कार्यक्रम चालू असताना कोणत्या उपकार्यक्रमाने कोणाला बोलावले आणि काम संपल्यावर कोठे परतावयाचे याची जी नोंद संगणकाच्या स्मृतीत एकावर एक रचलेली असते तिला पाचारण-चळत किंवा कॉल स्टॅक ही संज्ञा आहे. कार्यक्रमाचा वेळ कोठे खर्ची पडतो हे शोधून काढणारी साधने, म्हणजे प्रोफायलर, आपले निष्कर्ष मुख्यतः या चळतीवरून काढतात. इनलाइन झालेल्या उपकार्यक्रमाची मात्र चळतीत नोंदच होत नाही. त्यामुळे त्याने घेतलेला वेळ दुसऱ्याच्या नावावर पडतो आणि कार्यक्रम सुधारू पाहणारा अभियंता निर्दोष भागावर आठवडेच्या आठवडे घालवू शकतो. या दोषावरील उपाय गेल्या चार दशकांत बरेच विकसित झाले आहेत. तथापि प्रोफायलर दाखवितो ती चळत यंत्रात प्रत्यक्ष असलेली चळत नसून कंपायलरने मागे ठेवलेल्या टिपणांवरून पुन्हा रचलेली असते, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्या उपायांचाही नीट उपयोग होत नाही.

पाचारण व चळत : एकच काम कार्यक्रमात अनेक ठिकाणी करावयाचे असल्यास त्याचे आदेश एकदाच लिहून हवे तेथून ते वापरण्याची पद्धत केंब्रिज येथील एडसॅक या संगणकावर रूढ झाली. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर व स्टॅन्ली गिल यांच्या १९५१ मधील ग्रंथात तिचे पद्धतशीर विवेचन आढळते. व्हीलर यांच्या योजनेत परतीचा पत्ता उपकार्यक्रमाच्याच शेवटच्या आदेशात भरला जाई. पत्त्यासाठी एकच जागा असल्याने उपकार्यक्रमाने स्वतःला पुन्हा बोलावणे शक्य नसे. चळतीच्या कल्पनेने ही अडचण दूर झाली. फ्रीड्रिख बाउअर व क्लाउस झामेल्झोन यांनी १९५७ मध्ये चळतीच्या तत्त्वावरील रचनेसाठी पेटंटचा अर्ज केला आणि एट्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६० मध्ये पुनरावर्ती उपकार्यक्रमांसाठी तिचा उपयोग कसा करावा हे दाखविले.

ताटांच्या चळतीत शेवटी ठेवलेले ताट प्रथम उचलले जाते, त्याचप्रमाणे येथे शेवटी बोलावलेला उपकार्यक्रम प्रथम संपतो. प्रत्येक पाचारणाबरोबर चळतीवर एक चौकट चढते. तीत परतीचा पत्ता, पूर्वीच्या रजिस्टरांतील जपून ठेवावयाच्या किंमती आणि त्या उपकार्यक्रमाच्या स्वतःच्या चलराशी असतात. वरच्या चौकटीपासून खाली वाचीत गेल्यास सध्या चालू असलेला उपकार्यक्रम, त्याला बोलावणारा, त्यालाही बोलावणारा अशी साखळी मुख्य कार्यक्रमापर्यंत पोहोचते. येथे एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. चौकटीत लिहिलेला पत्ता ‘कोठून आलो’ याचा नसून ‘कोठे परतावयाचे’ याचा असतो. यंत्राला इतिहासाशी कर्तव्य नसते. पुढचे काम कोठून सुरू करावयाचे एवढेच त्याला हवे असते. या नोंदीचा इतिहास म्हणून वापर माणसाने सोयीसाठी सुरू केला आणि कंपायलरला ही सोय सांभाळण्याचे कोणतेही बंधन नाही.

इनलाइनिंगचे प्रयोजन : पाचारणाला स्वतःचा खर्च असतो. द्यावयाच्या राशी ठराविक रजिस्टरांत आणून ठेवणे, परतीचा पत्ता नोंदणे, चौकट उभारणे व मोडणे यांसाठी काही यंत्रादेश लागतात. उपकार्यक्रम दोनचार आदेशांचाच असेल तर कामापेक्षा ही तयारीच मोठी होते. परंतु हा खर्च वाचविणे हा इनलाइनिंगचा लहानसा फायदा होय. मोठा फायदा असा की, मजकूर एकत्र आल्यावर कंपायलरला दोन्ही भाग एका दृष्टिक्षेपात दिसतात. बोलावणारा नेहमी ५ हाच आकडा देतो असे दिसले तर त्यावर अवलंबून असलेल्या तुलना कंपायलर आधीच करून टाकतो, कधीही न घडणाऱ्या शाखा छाटतो आणि आवर्तनात पुन्हा पुन्हा होणारी तीच ती गणिते आवर्तनाबाहेर काढतो. यांमुळे इतर बहुतेक इष्टतमीकरणांना इनलाइनिंगने दार उघडून दिले जाते. उलट बाजूने, प्रती वाढल्याने कार्यक्रमाचा आकार फुगतो व प्रोसेसरच्या जलदस्मृतीत तो मावेनासा होतो. म्हणून मर्यादा घालावी लागते.

ही मर्यादा प्रत्येक कंपायलर आपापल्या ठोकताळ्याने ठरवितो. एलएलव्हीएम या कंपायलर-संचात दर आदेशामागे सामान्यतः ५ एकक खर्च धरतात आणि नेहमीच्या पातळीवर एकूण खर्च २२५ एककांच्या आत असेल तर इनलाइनिंग करतात. अपेक्षित लाभानुसार या आकड्यात सूट अथवा कपात होते. जावाच्या हॉटस्पॉट यंत्रणेत ३५ बाइटांपर्यंतची मेथड सहसा सामावून घेतली जाते आणि वारंवार चालणाऱ्या मेथडसाठी ही मर्यादा ३२५ बाइटांपर्यंत सैल होते. सी प्लस प्लस भाषेत व १९९९ च्या प्रमाणकापासून सी भाषेतही ‘इनलाइन’ असा शब्द लिहिण्याची सोय आहे; पण कार्यक्रम इनलाइन करावयाचा की नाही याच्या दृष्टीने तो केवळ सूचना असतो. कंपायलर तो मानेलच असे नाही आणि तो नसतानाही इनलाइनिंग करू शकतो. केवळ चिमुकले उपकार्यक्रमच नाहीसे होतात, हा समजही खरा नाही. ज्याला संपूर्ण कार्यक्रमात एकाच ठिकाणाहून पाचारण होते असा खासगी उपकार्यक्रम शेकडो ओळींचा असला तरी बहुधा इनलाइन होतो, कारण त्याची दुसरी प्रत ठेवण्याची गरजच उरत नाही. जीसीसी या कंपायलरमध्ये २०१० पासून जोडणीच्या वेळी इष्टतमीकरण करण्याची सोय झाल्यामुळे वेगवेगळ्या फाइलींतील उपकार्यक्रमही एकमेकांत मिसळू लागले.

प्रोफायलरचे कार्य : डॉनल्ड कनूथ यांनी १९७१ मध्ये फोर्ट्रान भाषेतील प्रत्यक्ष वापरातल्या कार्यक्रमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कार्यक्रमाच्या चार टक्क्यांहून कमी भागात त्याचा निम्म्याहून अधिक वेळ जातो, असे त्यात आढळले. हा भाग कोणता हे तर्काने सांगता येत नाही, मोजूनच पहावे लागते. आणि अनुभवी कार्यक्रमकारांचे अंदाजही या बाबतीत वरचेवर चुकतात. मोजण्याच्या पद्धती दोन. पहिलीत प्रत्येक उपकार्यक्रमाच्या प्रारंभी कंपायलर मोजणीचा एक आदेश घालून ठेवतो. दुसरीत ठराविक कालावधीने, उदा., सेकंदाला शंभर किंवा हजार वेळा, कार्यक्रम क्षणभर थांबवून प्रोसेसर कोणत्या पत्त्यावर आहे व चळतीत काय आहे याचा नमुना घेतात. हजारो नमुन्यांपैकी ज्या उपकार्यक्रमात जितके नमुने सापडतात तितका त्याचा कालखर्च, असे अनुमान काढले जाते.

सुसान ग्रॅहम, पीटर केसलर व मार्शल मॅक्युसिक यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कली येथे तयार केलेल्या व १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जीप्रॉफ या साधनात दोन्ही पद्धतींचा संगम होता. लिनक्सच्या गाभ्याबरोबर २००९ पासून येणारे पर्फ हे साधन मुख्यतः नमुना पद्धतीवर चालते. अशा नमुन्यांतील हजारो चळती एकत्र दाखविण्यासाठी ब्रेंडन ग्रेग यांनी २०११ मध्ये ‘फ्लेम ग्राफ’ अर्थात ज्वालालेख ही आकृती प्रचारात आणली. तीत प्रत्येक उपकार्यक्रमाची पट्टी तो ज्या नमुन्यांत आढळला त्यांच्या संख्येइतकी रुंद असते. आकृती देखणी व सुबोध असल्याने तिच्यावर विश्वास चटकन बसतो, आणि म्हणूनच तिच्यातील पट्ट्या कोठून आल्या हे ठाऊक असणे अगत्याचे ठरते.

वेळेची चुकीची वाटणी : समजा, नावांच्या यादीवर काम करणाऱ्या एका कार्यक्रमात दोन नावांचा अक्षरक्रम ताडून पाहणारा ‘तुलना’ नावाचा उपकार्यक्रम आहे. यादी लावणारा ‘क्रमवारी’ हा उपकार्यक्रम त्याला पत्त्याद्वारे बोलावतो, तर यादीतून नाव हुडकणारा ‘शोध’ हा थेट नावाने बोलावतो. पत्त्याद्वारे होणाऱ्या पाचारणात कोणाला बोलावणे येणार हे कंपायलरला सहसा आधी कळत नाही. म्हणून तेथे खरेखुरे पाचारण राहते. ‘शोध’मध्ये मात्र ‘तुलना’चा मजकूर इनलाइन होतो. आता १,००० नमुने घेतले आणि केवळ यंत्रातील चळत पाहिली, तर समजा ‘शोध’च्या नावावर ४०० व ‘तुलना’च्या नावावर १२० नमुने पडले आणि उरलेले इतरत्र विखुरले. वाचणारा साहजिकच ‘शोध’ची रीत बदलावयास घेईल. वास्तविक त्या ४०० पैकी ३३० नमुने ‘तुलना’च्या इनलाइन प्रतीतील असतील, तर ‘तुलना’चा खरा हिस्सा ४५० होतो व ‘शोध’चा स्वतःचा केवळ ७०. ‘शोध’ची रीत सुधारून तुलनांची संख्या घटविली तर लाभ होणार नाही असे नाही, पण एका तुलनेचा खर्च निम्म्यावर आणला, तर यादी लावणे व नाव हुडकणे ही दोन्ही कामे एकदम हलकी होतील, ही गोष्ट पहिल्या तक्त्यात कोठेच दिसत नाही.

या उदाहरणातील खरी मेख ‘तुलना’ तक्त्यातून पूर्णपणे नाहीशी झालेली नाही, यात आहे. एखादे नाव मुळीच दिसले नाही तर वाचणाऱ्याला शंका येते. ते १२० या माफक आकड्यासह दिसले की शंका येत नाही. अंशतः झालेले इनलाइनिंग संपूर्ण इनलाइनिंगपेक्षा अधिक फसवे असते ते यामुळेच. शिवाय कंपायलरची आवृत्ती बदलली अथवा उपकार्यक्रमात दोन ओळींची भर पडली की, पूर्वी इनलाइन होणारी प्रत होईनाशी होते आणि दोन आवृत्त्यांचे तक्ते शेजारी ठेवल्यास एका उपकार्यक्रमाचा खर्च एकाएकी तिप्पट झाल्यासारखा दिसतो. काम मात्र तेवढेच झालेले असते.

दुसऱ्या प्रकारचा बिघाड साखळीच्या मधल्या कड्यांचा. ‘अहवाल’ने ‘शोध’ला, ‘शोध’ने ‘तुलना’ला व ‘तुलना’ने ‘अक्षरक्रम’ला बोलावले, यांपैकी ‘शोध’ व ‘तुलना’ हे दोन्ही ‘अहवाल’मध्ये इनलाइन झाले आणि ‘अक्षरक्रम’ मोठा असल्याने वेगळा राहिला, असे समजू. यंत्रातील चळत सांगेल की ‘अहवाल’ने ‘अक्षरक्रम’ला बोलावले. मूळ मजकुरात असे पाचारण कोठेच लिहिलेले नसते. नवख्या माणसाला ही प्रोफायलरचीच चूक वाटते. पण यंत्राच्या दृष्टीने चळत अगदी बरोबर असते, कारण मधले दोघे तेथे उपकार्यक्रम म्हणून अस्तित्वातच नसतात.

टिपणांवरून पुनर्रचना : कंपायलरला इनलाइनिंग कोठे व कशाचे केले हे अर्थातच माहीत असते. ही माहिती त्याने यंत्रादेशांबरोबर लिहून ठेवावी व वाचणाऱ्या साधनाने तिच्यावरून हरवलेल्या चौकटी पुन्हा उभ्या कराव्यात, हा विचार प्रथम दोषशोधकांच्या संदर्भात पुढे आला. पॉली झेलवेगर यांनी १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात केलेल्या कामात इष्टतम केलेल्या कार्यक्रमाची मूळ मजकुराच्या भाषेत तपासणी कशी करावी याचा विचार केला, आणि त्यात इनलाइन उपकार्यक्रमांचा प्रश्न समाविष्ट होता. जीडीबी या प्रसिद्ध दोषशोधकात इनलाइन चौकटी दाखविण्याची सोय २००९ मध्ये, त्याच्या सातव्या आवृत्तीत आली.

युनिक्स व लिनक्स यांवरील बहुतेक कंपायलर अशी माहिती ड्वार्फ या आराखड्यानुसार लिहितात. त्याची पाचवी आवृत्ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत प्रत्येक उपकार्यक्रमाचे टिपण वृक्षाच्या आकाराचे असते आणि त्यात इनलाइन झालेली प्रत्येक प्रत एका फांदीच्या रूपाने येते. फांदीवर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात : ही प्रत कोणत्या उपकार्यक्रमाची, तिचे आदेश कोणत्या पत्त्यांदरम्यान पसरले आहेत आणि मूळ मजकुरात तिचे पाचारण कोणत्या फाइलीच्या कोणत्या ओळीवर होते. याखेरीज प्रत्येक पत्ता मूळ मजकुराच्या कोणत्या ओळीपासून निर्माण झाला हे सांगणारी ओळ-सारणी स्वतंत्र असते.

वरचेच उदाहरण घेतल्यास, ‘अहवाल’चे आदेश ४००० ते ४५०० या पत्त्यांवर आहेत, त्यांच्या पोटात ४१०० ते ४३०० ही ‘शोध’ची प्रत असून तिचे पाचारण ओळ १८ वर आहे, आणि तिच्याही पोटात ४१६० ते ४२४० ही ‘तुलना’ची प्रत असून तिचे पाचारण ओळ ५२ वर आहे, असे धरू. प्रोफायलरला नमुन्यात ४१९० हा एकच पत्ता सापडला. ओळ-सारणी सांगते की हा आदेश ओळ ७ चा आहे. वृक्षात वरून खाली उतरत गेल्यास हा पत्ता तिन्ही टप्प्यांत बसतो. सर्वांत आतल्या प्रतीला ओळ-सारणीतील ओळ मिळते व तिच्या बाहेरच्या प्रत्येकाला आतल्याच्या पाचारणाची ओळ मिळते. अशा रीतीने एका पत्त्याच्या तीन चौकटी होतात : ‘तुलना’ ओळ ७, ‘शोध’ ओळ ५२, ‘अहवाल’ ओळ १८. यांतील शेवटचीच तेवढी यंत्रात प्रत्यक्ष उभी होती. पर्फ हे साधन पुनर्रचित नावापुढे ते इनलाइन असल्याची खूण छापते. ही खूण सर्वच साधने दाखवीत नाहीत, ही उणीवच म्हणावी लागेल. कारण खरी व रचलेली चौकट यांतील भेद वाचणाऱ्याला कळणे जरूर असते.

या कामात एक बारीक खाच आहे. चळतीच्या वरच्या टोकाचा पत्ता चालू आदेशाचा असतो, परंतु त्याखालील चौकटींतील पत्ते परतीचे, म्हणजे पाचारणानंतरच्या आदेशाचे असतात. ‘तुलना’च्या इनलाइन प्रतीतील अगदी शेवटचा आदेश जर ‘अक्षरक्रम’चे पाचारण असेल, तर परतीचा पत्ता ४२४० होईल व तो ‘तुलना’च्या टप्प्याबाहेर पडेल. जसाच्या तसा तो शोधल्यास ‘तुलना’ साखळीतून गळते आणि ‘शोध’नेच ‘अक्षरक्रम’ला बोलावल्यासारखे दिसते. म्हणून परतीच्या पत्त्यातून एक वजा करून मगच शोध घेण्याचा प्रघात आहे. वृक्षात उतरण्याचे हे काम प्रत्येक नमुन्यासाठी करावे लागत असल्याने मोठ्या कार्यक्रमांत ते बरेच वेळखाऊ होते. काही साधने त्यामुळेच ते वगळण्याचा पर्याय देतात.

अर्थात टिपणेच नसतील तर काहीच करता येत नाही. प्रत्यक्ष वापरासाठी दिलेल्या कार्यक्रमांतून आकार कमी व्हावा म्हणून ती पुष्कळदा काढून टाकलेली असतात. टिपणे ठेवल्याने कार्यक्रम मंद होतो, ही समजूत निराधार आहे. ती डिस्कवर जागा घेतात, पण यंत्रादेश तेच राहतात. वेगळ्या फाइलीत ती जपून ठेवून ओळख-क्रमांकाच्या आधारे हवी तेव्हा जोडून घेता येतात.

कडी नाहीशी होण्याची इतर कारणे : चळतीत एखादे नाव न दिसल्यास सर्व दोष इनलाइनिंगवर टाकता येत नाही. एखाद्या उपकार्यक्रमाचे शेवटचे काम म्हणजे दुसऱ्याला बोलावणे हेच असेल, तर कंपायलर त्याची चौकट आधीच मोडून पाचारणाऐवजी साधी उडी घालतो. बोलावणाऱ्याकडे परतण्याचे कारणच उरत नाही, आणि परतण्याचा पत्ता नाही म्हणजे चळतीत नोंद नाही. इनलाइन प्रतीचा माग टिपणांवरून लागतो तसा या अंत्य पाचारणाचा सहजासहजी लागत नाही. दुसरे कारण चौकट-दर्शक रजिस्टरासंबंधीचे आहे. चौकटी एकमेकींना जोडणारे हे रजिस्टर इतर कामाला मिळावे म्हणून कंपायलर ती जोडणी बरीच वर्षे वगळीत असत. अशा वेळी साधी चळत-वाचने मध्येच तुटत. दुसऱ्या मार्गाने वाचावयाचे तर पर्फला प्रत्येक नमुन्याबरोबर चळतीचा तुकडा, एरवी ८,१९२ बाइटांचा, उचलून ठेवावा लागतो आणि त्याहून खोल चळत अपुरी राहते. या गैरसोयीमुळे फेडोराच्या ३८ व्या आवृत्तीत, २०२३ मध्ये, आणि उबुंटूच्या २०२४ मधील २४.०४ या आवृत्तीत चौकट-दर्शक पुन्हा चालू करण्यात आला. तुटलेली साखळी व कडी गळालेली पण सलग साखळी यांतील फरक ओळखता आल्यास निम्मे निदान होते : पहिलीत मुख्य कार्यक्रमापर्यंत पोहोचताच येत नाही, दुसरीत पोहोचता येते पण वाट आखूड वाटते.

चालू असतानाच भाषांतर करणाऱ्या यंत्रणा : जावासारख्या भाषांत कार्यक्रम चालू असतानाच त्याचे यंत्रादेशांत रूपांतर होते, आणि चुकीच्या प्रसंगी चळत मूळ मजकुराप्रमाणे छापून दाखविणे हे यंत्रणेचे कर्तव्यच असते. त्यामुळे इनलाइनिंगची टिपणे तिला स्वतःजवळ ठेवावीच लागतात. उर्स हॉल्झ्ले, क्रेग चेंबर्स व डेव्हिड उंगर यांनी १९९२ मध्ये सेल्फ या भाषेसाठी मांडलेल्या पद्धतीत तर गरज पडताच एक इष्टतम चौकट मोडून तिच्या जागी मूळच्या अनेक चौकटी प्रत्यक्ष उभारल्या जात. तथापि अशी टिपणे यंत्रणा सुरक्षित थांब्यांपुरतीच ठेवते. इनलाइन झालेल्या मेथडच्या परतीच्या जागी असा थांबा उरत नाही. मग त्या थांब्यांवरच नमुने घेणारा प्रोफायलर तिचा वेळ पुढच्या थांब्याच्या नावावर टाकतो. टॉड मिटकोविच, अमर दिवाण, माथियास हाउसविर्थ व पीटर स्वीनी यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात जावाचे चार प्रचलित प्रोफायलर तपासले, तेव्हा एकाच कार्यक्रमातील सर्वांत खर्चिक मेथड कोणती याविषयीच त्यांच्यात वारंवार मतभेद आढळले. हॉटस्पॉटमध्ये थांब्यांखेरीज इतर पत्त्यांसाठीही टिपणे ठेवण्याचा पर्याय आहे; कोणत्याही क्षणी नमुना घेणाऱ्या साधनांबरोबर तो चालू करणे इष्ट असते.

गो या भाषेने हा प्रश्न कार्यक्रमकारापुढेच उघडपणे मांडला. एका पत्त्याला एक चौकट हे गृहीत सोडून द्यावे आणि पत्त्यांची यादी स्वतः न वाचता ती चौकटींत विस्तारून देणारी सोय वापरावी, असे २०१७ मधील १.९ या आवृत्तीबरोबर सांगण्यात आले. साखळीच्या मधल्या उपकार्यक्रमांचे इनलाइनिंग २०१९ मध्ये, १.१२ या आवृत्तीत सरसकट सुरू झाले. ज्यांनी ही सूचना मानली नव्हती त्यांच्या नोंदींतील नावे तेव्हा गळू लागली.

पुनर्रचनेच्या मर्यादा : टिपणे पूर्ण असली तरी इनलाइन प्रतीचा खर्च नेमका किती हा प्रश्न काही अंशी निरर्थक होतो. मजकूर एकत्र आल्यावर दोन्हींतील समान गणिते एकदाच केली जातात. मग तो एक आदेश कोणाच्या ओळीचा? कंपायलर कोणत्यातरी एकीचे नाव देतो किंवा नावच देत नाही. आदेशांचा क्रम बदलल्याने प्रतीचे आदेश बोलावणाऱ्याच्या आदेशांत विखुरतात. प्रतीचे सर्व काम आधीच होऊन गेले तर तिचा एकही आदेश उरत नाही व ती नमुन्यात कधीच येत नाही. याखेरीज नमुना घेण्याचा संकेत मिळाल्यापासून प्रोसेसर थांबेपर्यंत काही आदेश पुढे निघून जातात. वेगळ्या उपकार्यक्रमात ही घसरण बहुधा त्याच्या हद्दीतच राहते. आठदहा आदेशांच्या इनलाइन प्रतीत ती सहज हद्द ओलांडते व खर्च शेजाऱ्याच्या माथी मारते. इंटेलसारख्या निर्मात्यांच्या प्रोसेसरांत नेमक्या आदेशाची नोंद करणारी सोय असते. अशा मोजणीत ती वापरावी.

इनलाइनिंग बंद करून मोजावे, ही सूचना वरचेवर केली जाते. ती सरसकट अमलात आणणे चुकीचे होय, कारण मग मोजला जातो तो वेगळाच कार्यक्रम असतो. इनलाइनिंगबरोबर त्याने मोकळी केलेली इतर इष्टतमीकरणेही जातात, आणि लहान उपकार्यक्रमांचा खर्च अवास्तव फुगतो. जीप्रॉफसाठी घातलेला मोजणीचा आदेश उपकार्यक्रमाच्या वेगळ्या प्रतीच्या प्रारंभी असतो. इनलाइन प्रतीत तो येतच नाही, म्हणून तेथील पाचारणे मोजली जात नाहीत. जीसीसीच्या दुसऱ्या एका पर्यायात इनलाइन प्रतींच्या आरंभी व अंतीही मोजणीचे पाचारण घातले जाते, पण त्या दोन पाचारणांचा खर्च प्रतीच्या कामाहून जड असू शकतो. संशयित उपकार्यक्रम एकच असेल तर तेवढ्यापुरते इनलाइनिंग रोखून दोन्ही मोजण्या ताडून पहाव्यात. कार्यक्रमाचा एकूण वेळ फारसा बदलला नाही, तरच त्या आकड्यावर भिस्त ठेवता येते.

प्रोफायलरचे वाचन आता केवळ माणूसच करतो असे नाही. गूगलमध्ये विकसित झालेल्या व २०१६ मध्ये शोधनिबंधाद्वारे वर्णिलेल्या ऑटोएफडीओ या पद्धतीत प्रत्यक्ष वापरातील कार्यक्रमाचे नमुने कंपायलरलाच परत दिले जातात आणि पुढच्या आवृत्तीत काय इनलाइन करावयाचे हे तो त्यांवरून ठरवितो. नमुने ज्या कार्यक्रमातून घेतले त्यात आधीच इनलाइनिंग झालेले असते. ते उलगडले नाही तर सर्वांत तापलेल्या लहान उपकार्यक्रमाच्या नावावर नमुनेच नसतात, आणि कंपायलर त्याला थंड समजून वेगळा ठेवील; पुढच्या फेरीत तो वेगळा दिसल्याने पुन्हा तापलेला ठरेल. ही हेलकाव्याची स्थिती टाळण्यासाठी या पद्धतीत नमुन्यांची नोंद यंत्रातील पत्त्यांनुसार न ठेवता मूळ मजकुरातील उपकार्यक्रम, त्याच्या आरंभापासूनची ओळ आणि इनलाइन झालेल्या पाचारणांची संपूर्ण साखळी यांनुसार ठेवतात. नवी आवृत्ती तयार करताना कंपायलर आधी तीच साखळी पुन्हा इनलाइन करून घेतो व नंतर तिच्यावर ते आकडे मांडतो.